थायरॉइड, ठोक्यांच्या गोळ्या आणि हृदयपेशींवरचे रिसेप्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात एकाच घरात सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणारी सून आणि नाश्त्यानंतर ‘हार्टची गोळी’ घेणारे सासरे, हे चित्र आता नवलाचं राहिलेलं नाही. कधी कधी दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या डबीत असतात. मग औषधाच्या दुकानात, डॉक्टरांच्या दाराबाहेर किंवा फोनवर जे प्रश्न येतात, ते इथे घेतले आहेत. तुमची गोळी किती आणि कधी हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ती गोळी आत जाऊन काय करते, एवढंच या पानावर आहे.

हृदयाच्या पेशीवर ‘रिसेप्टर’ असतो म्हणजे काय असतं?

रिसेप्टर म्हणजे एक प्रथिन. ठरावीक रेणू त्याला येऊन चिकटला की पेशीत पुढची कामं सुरू होतात. आपल्या विषयात दोन प्रकारचे रिसेप्टर येतात आणि सगळा घोटाळा ते दोन एकच समजल्याने होतो. पहिले बीटा रिसेप्टर. ते पेशीच्या बाहेरच्या आवरणावर बसलेले असतात आणि अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन या धावपळीच्या, भीतीच्या वेळी सुटणाऱ्या हॉर्मोनांना ओळखतात. दुसरे थायरॉइड हॉर्मोनचे रिसेप्टर. ते आत, थेट पेशीच्या केंद्रकात असतात आणि जनुकांवर बसून कोणतं प्रथिन किती बनवायचं ते ठरवतात. हृदयात त्यांतला अल्फा-१ हा प्रकार जास्त असतो.

बाहेरच्या रिसेप्टरचं काम सेकंदांत दिसतं. आतल्याचा परिणाम दिसायला तासच नव्हे, बऱ्याचदा दिवस आणि आठवडे लागतात. थायरॉइडचे उपचार सुरू झाल्यावर ‘अजून बरं का वाटत नाही’ असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

थायरॉइड वाढला की छातीत धडधडतं. म्हणजे अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं का?

नाही, आणि गंमत इथेच आहे. थायरॉइड वाढला म्हणजे रक्तातलं थायरॉइड हॉर्मोन वाढलं. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी शंभरच्या वर जाते, माणूस उगाच चिडतो. सगळी लक्षणं अ‍ॅड्रेनलिन वाढल्यासारखी. पण रक्तात मोजलं तर अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन नेहमीइतकंच निघतं, कधी त्याहून कमीच.

या कोड्याचा एक मोठा धागा १९७७ साली हाती लागला. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना थायरॉइड हॉर्मोन देऊन त्यांच्या हृदयातले बीटा रिसेप्टर मोजले. ते जवळजवळ दुप्पट झाले होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक तेवढंच, पण उघडी दुकानं दुप्पट, म्हणजे धंदा वाढणारच, तसं काहीसं. याच लेफ्कोविट्झ यांना पुढे २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही याच कुळातल्या रिसेप्टरवरच्या कामासाठी.

पण सगळं खापर बीटा रिसेप्टरवर फोडू नये. माणसाच्या हृदयाचे ठोके वाढण्यात टी३ या थायरॉइड हॉर्मोनचा स्वतःचाही हात असतो. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

टी३ पेशीच्या आत जाऊन नेमकं काय बदलतं?

थायरॉइड ग्रंथीतून बाहेर पडतं ते मुख्यतः टी४. त्यातला आयोडीनचा एक अणू काढला की टी३ तयार होतं आणि खरं काम करतं ते हे टी३. ही काटछाट यकृतात आणि इतर अवयवांत होते. हृदयाची पेशी स्वतः टी४ चं टी३ फारसं करत नाही, रक्तातून येणाऱ्या तयार टी३ वरच तिची भिस्त असते. हे वाक्य ध्यानात ठेवा, ठोके नियमित करणाऱ्या अमिओडारोन या औषधाच्या वेळी पुन्हा लागेल.

टी३ केंद्रकातल्या रिसेप्टरवर बसलं की काही जनुकं जोरात चालतात, काही मंदावतात. आकुंचनानंतर कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून नेणारा पंप जास्त बनतो आणि त्या पंपाला लगाम घालणारं प्रथिन कमी बनतं. त्यामुळे हृदय जोरात आकुंचन पावतं आणि झटकन सैलही होतं. ठोक्याची लय सुरू करणाऱ्या भागातल्या आयन वाहिन्या वाढतात, म्हणून विश्रांतीतही नाडी वेगात असते. सोडियम-पोटॅशियमचा पंपही वाढतो. वरच्या कप्प्यांतल्या पेशींचा विद्युत ठोका आखूड होतो, आणि आखूड ठोके हे एट्रियल फिब्रिलेशनला, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीला, आयतं आमंत्रण. थायरॉइड खूप वाढलेल्या दहा-पंधरा टक्के रुग्णांत हा विकार दिसतो. वय जास्त असेल तर अधिक.

थायरॉइड कमी झाला की याच्या उलट. नाडी मंद, बीटा रिसेप्टर कमी, ईसीजीवर क्यूटी अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांचा विद्युत ठोका चालतो तो वेळ, लांबलेलं.

मग थायरॉइडच्या रुग्णाला बीटा ब्लॉकर का देतात? तो थायरॉइड कमी करतो का?

ते त्याचं मुख्य काम नव्हे. बीटा ब्लॉकर म्हणजे बीटा रिसेप्टरवर बसून ते झाकणारं औषध. थायरॉइड कमी करायला कार्बिमॅझोलसारखी औषधं असतात आणि त्यांचा परिणाम यायला आठवडे जातात, कारण ग्रंथीत आधीच साठवलेलं हॉर्मोन संपावं लागतं. तोवर धडधड सोसायची कशी? म्हणून वाढलेल्या बीटा रिसेप्टरवर झाकण. प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरने एक-दोन दिवसांतच हात थरथरायचे कमी होतात. जास्त मात्रेत ते टी४ चं टी३ होणंही थोडं रोखतं, पण तो वरचा फायदा, मुख्य काम नव्हे.

दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. प्रोप्रॅनोलॉल फुप्फुसातल्या बीटा रिसेप्टरनाही बंद करतं आणि श्वासनलिका आवळते.

आता बरं वाटतंय. बीटा ब्लॉकर मीच बंद केला तर?

करू नका. रिसेप्टर बराच काळ झाकलेला राहिला की पेशी आवरणावर नवे रिसेप्टर आणून बसवते. गोळी एकाएकी थांबली की ते सगळे उघडे पडतात आणि नेहमीचं अ‍ॅड्रेनलिनही जास्त लागू पडतं. नाडी उसळते, रक्तदाब चढतो, हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखूही शकतं. मात्रा हळूहळू उतरवतात ती याचसाठी. चवथीला गावी आठवडाभर जाताना गोळ्या घरी विसरणारे बरेच असतात. माटोळीच्या सामानाबरोबर ही पट्टीही पिशवीत टाका.

अमिओडारोनचं नाव निघालं की डॉक्टर लगेच थायरॉइड तपासायला का सांगतात?

कारण ठोके नियमित करणाऱ्या औषधांत थायरॉइडशी इतकं गुंतलेलं दुसरं औषध नाही. आपल्याकडे ते कॉर्डारोन आणि इतर नावांनी मिळतं.

त्याचा इतिहास थोडा सांगायला हवा. बेल्जियममध्ये १९६१ च्या सुमारास हे औषध तयार झालं ते छातीच्या दुखण्यासाठी, म्हणजे अंजायनासाठी. मूळ धागा होता खेलीन या द्रव्याचा, जे भूमध्य समुद्राकडच्या एका रानटी झाडाच्या बियांत सापडतं. ठोक्यांवरचा त्याचा परिणाम १९७० मध्ये ऑक्सफर्डमध्ये ब्रामा सिंग आणि व्हॉन विल्यम्स यांनी दाखवला. ब्रामा सिंग हे फिजीचे. त्यांनी सशांना काही आठवडे अमिओडारोन दिलं आणि हृदयपेशींचा विद्युत ठोका मोजला. तो लांबला होता, अगदी थायरॉइड ग्रंथी काढून टाकलेल्या सशात लांबतो तसाच. सोबत थायरॉक्सिन, म्हणजे टी४, दिलं तर तो लांबेना. अमिओडारोन हृदयापुरता थायरॉइड कमी करतं की काय, ही शंका तेव्हापासूनची आहे.

ती शंका खरी ठरली का?

बऱ्याच अंशी, पण पूर्ण नाही. अमिओडारोन आणि थायरॉइड हॉर्मोन यांच्या रेणूंची ठेवण मिळतीजुळती आहे, दोन्हींत आयोडीन आहे. शरीरात अमिओडारोनपासून डीएथिल-अमिओडारोन बनतं आणि ते केंद्रकातल्या रिसेप्टरवर टी३ ला नीट बसू देत नाही. शिवाय टी४ चं टी३ करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अमिओडारोन अडवतं. हृदयाची भिस्त तयार टी३ वर असते हे वर पाहिलंच. तेच कमी मिळतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अमिओडारोनने बीटा रिसेप्टरची संख्याही घटलेली दिसली.

तरी हे औषध फक्त ‘हृदयाचा थायरॉइड कमी करणारं’ नाही. शिरेतून दिलं तर ते थोड्या वेळातच काम करतं आणि जनुकांच्या मार्गाने इतक्या लवकर काही होत नाही. तेव्हा ते सोडियम आणि कॅल्शियमच्या वाहिन्या आणि बीटा रिसेप्टर यांच्यावर थेट बसतं. पोटॅशियमच्या वाहिन्यांवरचा आणि थायरॉइडच्या वाटेचा परिणाम आठवड्यांनी उमटतो. व्हॉन विल्यम्स यांनी ठोक्यांच्या औषधांचे चार वर्ग पाडले: सोडियमवाले, बीटावाले, पोटॅशियमवाले, कॅल्शियमवाले. अमिओडारोन नावाला तिसऱ्या वर्गात, पण चारही घरांत त्याचं जाणं-येणं. वर्गवारी करणाऱ्यांच्याच प्रयोगशाळेत पारखलेलं औषध वर्गवारीत बसेना, याची मला तरी मौज वाटते.

अमिओडारोन सुरू झालं आणि रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला, टी४ ही वाढलेला. लॅबची चूक का?

बहुधा नाही. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं हॉर्मोन. एरवी टी४ वाढला की टीएसएच उतरतो, म्हणून हा रिपोर्ट विचित्र दिसतो. पण अमिओडारोनमुळे टी४ चं टी३ होणं अडतं, त्यामुळे टी४ साचतो आणि टी३ उतरतो. पिट्युटरी ग्रंथीलाही टी३ कमी पडल्यासारखं वाटतं, ती टीएसएच वाढवते. पहिले तीनेक महिने हे चालतं. मग टीएसएच सहसा पूर्वपदावर येतो, टी४ किंचित चढा आणि टी३ खालच्या अंगाला राहतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत फक्त टीएसएच पाहून ‘थायरॉइड कमी झाला’ म्हणत नवी गोळी सुरू करण्याची घाई बरी नव्हे.

अमिओडारोनमध्ये आयोडीन आहे म्हणे. मग मासे आणि आयोडीनचं मीठ सोडायचं का?

गोव्यात हा प्रश्न येणार नाही तर कुठे येणार! उत्तर: हुमण खुशाल खा.

जरा हिशोब करू. अमिओडारोनच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत म्हणून ७५ मिलिग्रॅमच्या आसपास. ते सगळं सुटं होत नाही, पण रोज सहा-सात मिलिग्रॅम आयोडीन रक्तात मोकळं होतं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीतून गरजेच्या चाळीस पट किंवा त्याहून जास्त. आपल्याकडच्या नियमानुसार घरात पोचणाऱ्या मिठात आयोडीन किमान १५ पीपीएम असावं लागतं, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. गोळीइतकं आयोडीन अशा मिठातून मिळवायचं तर दिवसाला ४०० ग्रॅम मीठ खावं लागेल! बांगडा किंवा सुंगटं सोडून या आकड्यात काही फरक पडत नाही.

उलट, ‘आमच्या आगरातलं मीठ शुद्ध’ म्हणून घरात फक्त मिठागराचं जाडं मीठ वापरणाऱ्यांनी एवढं जाणावं की त्यात वरून आयोडीन घातलेलं नसतं. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, लोणच्याला आणि खाऱ्या मासळीला ते चालतं, रोजच्या जेवणात आयोडीनयुक्तच असावं. मीठ कमी करायचं असेल ते रक्तदाबासाठी, तो वेगळा विषय.

या आयोडीनने थायरॉइड वाढतो की कमी होतो?

दोन्ही होऊ शकतं. निरोगी ग्रंथी आयोडीनचा लोंढा आला की काही दिवस हॉर्मोन बनवणं थांबवते आणि मग पुन्हा सुरू करते. काहींच्या ग्रंथीला हे ‘पुन्हा सुरू’ जमत नाही, विशेषतः ज्यांच्या रक्तात टीपीओ अँटिबॉडी (आपल्याच थायरॉइडविरुद्धची प्रथिनं) आधीच असतात. त्यांचा थायरॉइड कमी होतो. हे प्रकरण तसं सोपं: थायरॉक्सिनची गोळी जोडतात, अमिओडारोन बहुधा चालूच ठेवतात. हृदय नाजूक असेल तर थायरॉक्सिन १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून सावकाश चढवतात. रिकामे पडलेले रिसेप्टर एकदम भरले तर पुन्हा ठोक्यांचा गोंधळ.

थायरॉइड वाढणं हे जास्त कटकटीचं, आणि त्याचेही दोन प्रकार. पहिल्यात ग्रंथीत आधीपासून गाठी किंवा ग्रेव्हजचा आजार (आपल्याच अँटिबॉडींनी ग्रंथी चेतवणारा) दडलेला असतो. जादा आयोडीन मिळालं की ती बेसुमार हॉर्मोन बनवते. यावर कार्बिमॅझोल. दुसऱ्यात चांगली ग्रंथी औषधाच्या माऱ्याने सुजते आणि साठवलेलं हॉर्मोन गळून रक्तात येतं. नवं काही बनत नसतं, म्हणून कार्बिमॅझोलचा उपयोग नाही, प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड लागतं. दोन्हींची सरमिसळही असते आणि कोणता प्रकार हे ठरवताना मुरलेल्या तज्ज्ञालाही विचार करावा लागतो. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार अशा वेळी सहसा चालत नाही, कारण आयोडीनने तुडुंब भरलेली ग्रंथी ते शोषतच नाही.

गोळी बंद केली की प्रश्न मिटेल ना?

लगेच नाही. अमिओडारोन चरबीत, यकृतात, फुप्फुसात साठतं. शरीरातून अर्धं जायला साधारण दोन महिने, काहींत तीनेक महिनेही लागतात. बंद केल्यावर कित्येक महिन्यांनी थायरॉइड वाढल्याची उदाहरणं आहेत. शिवाय ज्या जीवघेण्या ठोक्यांसाठी ते दिलंय ते परत येण्याचा धोका आहेच. त्यामुळे ‘बंद करायचं का’ हा निर्णय हृदयवाल्या आणि थायरॉइडवाल्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. माझा आग्रह एवढाच की अमिओडारोनची पहिली गोळी पोटात जाण्याआधी टीएसएच, टी४, टी३ आणि टीपीओ अँटिबॉडी पाहून ठेवाव्यात आणि मान हाताने चाचपून घ्यावी. आयसीयूत जीव वाचवायला शिरेतून दिलं असेल तर तेव्हा हे जमत नाही, कबूल. पण घरी जाताना मिळालेल्या कागदावर ते औषध असेल तर त्याच आठवड्यात करावं. पुढे तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी.

मला धडधड नाही, नाडी ७०. म्हणजे थायरॉइड वाढलेला नाही, बरोबर?

अमिओडारोन किंवा बीटा ब्लॉकर घेत असाल तर या खुणेवर विसंबू नका. रिसेप्टरच झाकलेले आहेत, धडधड होणार कुठून? अशा माणसात थायरॉइड वाढल्याचं दुसरीकडून कळतं: कारण नसताना वजन उतरतं, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, किंवा वर्षभर ताब्यात असलेले अनियमित ठोके अचानक परततात.

आणखी एक खूण फार कामाची. वॉर्फरिन किंवा तशी रक्त पातळ ठेवणारी गोळी ठरलेल्या मात्रेत चालू असताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) एकाएकी वर गेला, तर थायरॉइड तपासा. थायरॉइड वाढला की गोठण्याचे घटक लवकर नष्ट होतात आणि तीच मात्रा जास्त पडते. अर्थात अमिओडारोन स्वतःही वॉर्फरिनचा जोर वाढवतं, म्हणून ते सुरू होताना पहिले काही आठवडे आयएनआर जास्त वेळा काढावाच लागतो.

डिगॉक्सिनचं काय?

डिगॉक्सिन हे हृदयाचं जुनं औषध. त्याचा रिसेप्टर म्हणजे तोच सोडियम-पोटॅशियम पंप. थायरॉइड वाढला की पंप वाढतात, डिगॉक्सिन तेवढ्याच मात्रेत अपुरं पडतं. थायरॉइड कमी झाला की तीच मात्रा विषारी ठरू शकते: मळमळ, जेवण नको होणं, पिवळट दिसणं, नाडी फार मंद. अमिओडारोन सोबत आलं की रक्तातलं डिगॉक्सिन चढतं, म्हणून मात्रा साधारण निम्मी करतात. तुमच्या डबीत दोन्ही असतील आणि डिगॉक्सिनची मात्रा कधी बदललीच नसेल, तर विचारा.

सोटॅलॉल आणि ड्रोनेडारोन घेणाऱ्यांना हाच त्रास का?

ठोक्यांच्या या दोन्ही औषधांत आयोडीन नाही, त्यामुळे थायरॉइडची ही भानगड नाही. ड्रोनेडारोन तर अमिओडारोनमधलं आयोडीन वगळूनच घडवलं, पण ते तेवढं जोरकस नाही आणि हृदय खूप कमकुवत असलेल्यांना देत नाहीत. सोटॅलॉल घेणाऱ्याचा थायरॉइड कमी झाला तर मात्र सांभाळावं: दोन्हींनी क्यूटी लांबतो.

मी फक्त एल्ट्रॉक्सिन घेते, हृदयाचा आजार नाही. मधूनच ठोका चुकतो. घाबरू का?

एल्ट्रॉक्सिन म्हणजे थायरॉक्सिनचीच गोळी, तेव्हा आधी टीएसएच बघा. मात्रा जास्त होत असेल तर टीएसएच खूप खाली गेलेला असेल. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या साठी ओलांडलेल्या लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला होता. टीएसएच ०.१ किंवा त्याखाली असलेल्यांपैकी २८ टक्के लोकांना एट्रियल फिब्रिलेशन झालं, टीएसएच सामान्य असलेल्यांत ११ टक्के. वजन कमी व्हावं म्हणून गोळी वाढवून मागणाऱ्या मैत्रिणींना हे आकडे जरूर सांगा.

अमिओडारोन घेणाऱ्याने उन्हात जाऊ नये म्हणतात. गोव्यात ते कसं जमायचं?

थायरॉइडचा याच्याशी संबंध नाही, पण विचारतात फार. हे औषध त्वचेत साठतं आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी लाल होते. वर्षानुवर्षं घेतलं तर चेहरा निळसर-करडा पडू शकतो. त्रासदायक किरणं काचेतूनही येतात, म्हणून गाडीत बसलात तरी सुटका नाही. पागेराला (मासेमारीला) जाणाऱ्याने, पायलट (मोटारसायकल टॅक्सी) चालवणाऱ्याने लांब हाताचा शर्ट, रुंद टोपी आणि झिंक ऑक्साइडचं मलम वापरावं.

थायरॉइडची रक्ततपासणी करताना काही थांबवावं लागतं का?

अमिओडारोन, बीटा ब्लॉकर थांबवू नका, फक्त घेत असल्याचं कागदावर लिहा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळात जाताना जुने रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पट्ट्या एकाच पिशवीत न्या. थायरॉक्सिनची त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घेतली तर बरं. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर ते निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. बऱ्याच लॅबच्या पद्धतीत त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो, आणि नसलेल्या थायरॉइडवर गोळ्या सुरू होतात.